ठिपकी

“दात बघू दे गं, मान हलवू नकोस,” म्हणत दोर्वाने मेंढीचा जबडा उघडला आणि अंगठा आत फिरवला. खालचे दोन दात पडलेले, उरलेले झिजून खुंटासारखे. ही हिवाळा काढणार नव्हती.

“ही,” ती म्हणाली. दोघा गड्यांनी मेंढीला ओढत बाजूला नेलं.

ओकची पानं गळून पडली होती. उन्हाळाभर तोडून वाळवलेला पाला चाळीस जनावरांना पुरणारा होता आणि कुंपणाच्या वाड्यात साठ उभी होती. बर्फ पडण्याआधी वीस कापायची होती. कोणती, हे दोर्वा सांगायची. मेंढ्या साऱ्या वस्तीच्या, पण तिच्या बोटापुढे गेल्या वीस-बावीस वर्षांत कुणी शब्द काढला नव्हता.

दोन वर्षांपासून मात्र तिच्या डोळ्यांपुढे नदीवरच्यासारखं धुकं उतरलं होतं, ते दुपारीही हटत नव्हतं. कुणाला तिने सांगितलं नव्हतं. सून इल्का शेजारी उभी राहून स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणायची, “ही काळ्या पायांची आली... ही कान फाटलेली.” सासूने विचारलं नाही, सुनेने सांगितलं नाही. काम चाललं होतं.

एवढ्यात दोन शेळ्यांनी कुंपणाचा कोपरा मोडला आणि इल्का तिकडे धावली. दोर्वाने पुढच्या म्हाताऱ्या मेंढीचे दात चाचपले, जबडा सोडला. मागून मेंढ्यांचा लोंढा आला आणि ती म्हातारी बाजूला ढकलली गेली. तिने काठी समोरच्या पाठीवर टेकवली.

“ही.”

थोड्या वेळाने कापायच्या जागेवरून वोरुकची हाक आली.

“अगं मावशे! ही तर माझी ठिपकी!”

वोरुकची बायको बाळंतपणात गेली होती. ठिपकी उन्हाळा सरता सरता व्यायली, म्हणून अजून ओंजळभर दूध देत होती. त्या दुधात भरडलेला गहू शिजवून तो लेकीला भरवायचा. आता ठिपकी मातीवर पडली होती आणि चकमकीच्या दगडाचं पातं लाल झालं होतं.

इल्का धापा टाकत आली. तिने एकदा ठिपकीकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

“चूक माझी,” ती म्हणाली. “मीच भलती पुढे ढकलली.”

“तुला दिसत नाही का गं?” वोरुक ओरडला. “कपाळावर एवढा पांढरा ठिपका! आंधळी आहेस का तू?”

इल्काने मान खाली घातली. दोर्वाला ती दिसली नाही, पण तिचा श्वास अडकलेला ऐकू आला. गप्प बसलं असतं, तर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत विझली असती. तरण्या बाईची चूक लोक विसरतात.

“तिला का बोलतोस?” दोर्वा म्हणाली. “आंधळी मी आहे.”

सगळे थांबले. कुंपणाला टेकलेला एक म्हातारा खोकला.

“मग दोन वर्षं आमच्या मेंढ्या काय वाऱ्याने निवडल्या?”

तिने दोन वर्षं म्हटलंच नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं होतं, आणि तोही गप्प राहिला होता.

“हातांनी निवडल्या,” ती म्हणाली. “वय हाताला कळतं, कास कळते, पोटातलं दुखणं कळतं. ठिपका कळत नाही.”

मग तिने काठी इल्कापुढे धरली. “अजून आठ राहिल्यात. उजेड आहे तोवर उरक.”

“आई, मला नाही जमायचं.”

“दोन वर्षं काय करत होतीस मग?”

इल्काने काठी घेतली. पहिल्या मेंढीशी ती फार वेळ घुटमळली, दुसरीशी कमी. दोर्वा कुंपणापाशी पाठमोरी बसून राहिली, तिने एकदाही काही सुचवलं नाही.

दिवस कलला तेव्हा ती आपली शेळी दोरीला धरून वोरुकच्या दारात गेली. घरात दूध देणारी तेवढी एकच उरली होती. वोरुक दोरी घेईना.

“मावशे, रागात बोललो मी. राहू दे. तुम्ही काय खाल?”

“आम्हाला दात आहेत. तुझ्या लेकीला नाहीत.” तिने दोरी त्याच्या मुठीत दिली. “डावा सड घट्ट आहे हिचा. ओढू नकोस, दाब.”

“ठिपकीचं कातडं तरी घेऊन जा.”

“पोरीला पांघर ते. थंडी फार पडेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप गवताकडे न्यायची वेळ झाली. इल्का काठी घेऊन पुढे चालली, पण मागे खुरांचा आवाज आला नाही. चाळीसच्या चाळीस जनावरं दोर्वाच्या दारापुढे येऊन थांबली होती. रोज तिथूनच तर दोर्वा त्यांच्या पुढे व्हायची. एकीने तिच्या तळहातात नाक खुपसलं. उबदार, ओलं.

“चला गं, चला!” लांबून इल्का हाका मारत होती. तिचा आवाज रडवेला झाला होता.

एकही मेंढी हलली नाही.

दोर्वाने तळहात सोडवून घेतला. ती घरात गेली, दारावरचं कातडं खाली सोडलं आणि अंधारात भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर एक मेंढी ओरडली, तिला बोलावत असल्यासारखी. तिने ओठ घट्ट मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग एक खूर वाजला, मग दुसरा, आणि हळूहळू सगळे खूर इल्काच्या आवाजामागे उतारावरून निघून गेले.