रिकामा खिळा

बाबा स्टुलावर चढले तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"घट्ट धर हं. मी पडलो तर उद्योजकता विभाग पोरका होईल."

कॉलेजातल्या त्या खोलीच्या भिंतीवर त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो ओळीने लावलेले होते. प्रत्येक जण आपापल्या दुकानाच्या पाटीखाली. बाबांनी दुसऱ्या ओळीतला एक काढून खाली दिला. सायकलींच्या दुकानासमोर हसणारा चष्मेवाला.

"याचं काय झालं?"

"गुंडाळलं त्याने. उद्या तपासणीला माणसं येतायत. भिंतीवर चालू धंदेच हवेत."

"धंदा बंद कसा करायचा, हे कुठल्या वर्षाला शिकवता?"

"त्या तासाला बसेल कोण?" ते हसत खाली उतरले. "आईवर गेलीस अगदी. डबा द्यायला यायचं आणि वर उलटतपासणी घ्यायची."

तिने चष्मेवाल्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि फोटो कपाटात पालथा ठेवला. खिडकीजवळच्या खिळ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. तिथे तीन वर्षं ती स्वतः होती, आपल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानासमोर. दुकान बंद झालं त्या आठवड्यात फोटो उतरला. त्या दिवशी जेवताना बाबांनी मीठ मागितलं, तिने दिलं; एवढंच बोलणं झालं. त्या खिळ्यावर मात्र त्यांनी पुन्हा कुणालाच लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या पाहुण्यांना भिंत दाखवता दाखवता बाबा खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

शोकसभा त्याच खोलीत झाली. भिंतीवरचे एकेक जण उठून बोलले. सरांनी घडवलं, सरांनी पायावर उभं केलं. चष्मेवाला दाराशी उभा होता. त्याची नजर दुसऱ्या ओळीवरून सरकत गेली, मोकळ्या जागेशी थांबली, आणि मग तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्याला कुणी बोलायला बोलावलं नाही.

विभागातल्या बाईंनी बाबांचा फोटो तिच्या हाती दिला.

"तूच लाव गं. खिडकीपाशी खिळा आहे बघ आयता." मग त्या माईककडे वळल्या. "सरांचा एकही विद्यार्थी धंद्यात बुडाला नाही. ही भिंत साक्षीला आहे."

तिने फोटो लावला. तो जरासा तिरका बसला. तिने तो तसाच राहू दिला. कुणीतरी माईक तिच्या हातात दिला, पण ती लोकांकडे वळली नाही.

"बाबा, दुकान उघडलं तेव्हा फीत कापायला आला होतात," ती फोटोला म्हणाली. खुर्च्यांची कुरकुर थांबली. "बंद केलं तेव्हाही यायचं होतंत. शटर गंजलं होतं. मला एकटीला ओढवत नव्हतं."