गुढियारीचा हातपंप उपटला नाही

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे, आणि आधीच बजावून ठेवतो, मला कोणी बिचारा म्हणायचं नाही.

रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्यामागच्या प्लॉटवर मला रेल्वेतल्या नरहरीबाबूंनी बसवलं. घर नंतर बांधू, आधी पाणी, असं त्यांचं म्हणणं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया माझ्यापाशी रांग लावत, भांडत, आणि भांडण मिटलं की माझ्याच पाण्याने तोंड धूत. कौतुक ते एवढंच. मला पुरे होतं.

नरहरीबाबू घर न बांधताच गेले. मुलगा सौमित्र पुण्याला. त्याला हा प्लॉट कागदावरच ठाऊक. घरोघरी नळ आले. माझ्याभोवती गाजरगवत माजलं, मग फुटके कमोड आले, कापूस निघालेल्या गाद्या आल्या. अधूनमधून कोणी माझा दांडा चारदा हलवायचं आणि म्हणायचं, "मेला." मेलो नव्हतो, मित्रांनो, तहानलो होतो. पोटातला चामड्याचा वायसर वाळला की वरून पाणी ओतावं लागतं. नळवाल्यांना हे कोण सांगणार?

मालकाने नोटिशीलाही दाद दिली नाही, तेव्हा पालिकेने प्लॉट साफ करायला ठेकेदार नेमला. मे महिन्यात त्याचा मुकादम शालिग्राम चार मजूर आणि जेसीबी घेऊन आला. दुपारपर्यंत सगळं साफ झालं. उरलो मी. माझ्या गळ्यात साखळी पडली.

"काहून उपटता त्याले?" कलावती नावाच्या मजूर बाईने विचारलं.

"काम झाल्यानंतरचा फोटो द्या लागते," शालिग्राम म्हणाला. "त्याच्यात काही उभं दिसलं तर सायेब काम पास करत नाही. अन् तसाही मेलाच आहे तो."

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झाले, भाऊ?"

तिने आपली बाटली माझ्या डोक्यात रिकामी केली, दांडा हाणला. नुसती खडखड. जेसीबीवाला हसला, "दीदी, अब ग्लूकोज चढ़ाओ!"

तेव्हा तिने सगळ्यांची पाण्याची कॅनच उचलली.

"अवो, प्याचं पाणी आहे ते!" शालिग्राम धावला. "संध्याकाळपर्यंत काय पिऊन राहू आम्ही?"

"याचंच प्या," म्हणत तिने कॅन उलटी केली.

खरं सांगतो, त्या वेळी मी घाबरलो. माझं काय, मी भंगारात गेलो असतो. पण भर उन्हात पाच जणांच्या शिव्या तिला खाव्या लागल्या असत्या. वायसर भिजेपर्यंत ती शांत उभी राहिली. मग दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळली. दांडा जड लागला. पोटात गुडगुडलं, आणि मी लाल गंजकं पाणी थेट शालिग्रामच्या बुटांवर ओकलो. मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम.

बऱ्याच वेळाने नितळ धार लागली. गवताने खाजून लाल झालेले हात सगळ्यांनी धुतले. शालिग्रामने पाण्याची चव घेतली, कॅन भरली, आणि साखळी स्वतःच सोडली. मग फोन लावला, "सायेब, फोटोत एक हातपंप दिसन. नाही, काढत नाही. काहून म्हणजे? या अन् पिऊन पाहा!"

साहेब अजून आलेले नाहीत. येऊ देत.

मित्रांनो, जुनी वस्तू बंद पडली की तिला भंगार म्हणणं सोपं असतं. तुम्ही तसं करू नका. तिला काय हवंय ते आधी विचारा. आणि मला कोणाला उपटायचंच असेल, तर खुशाल यावं. येताना एक लोटा पाणी मात्र आणावं.