भोंगा वाजला होता

कारखान्याचा शिपाई पाकीट देऊन गेला तेव्हा मी शर्टांची काजं करत बसले होते. पाकीट चांगलं जाडजूड होतं. ह्यांनी ते फोडलं, पहिलं पान वाचलं आणि शेजारी खुर्ची असताना खाली जमिनीवरच बसले.

"काय झालं हो?"

"तूच वाच."

मी वाचलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रंगखात्यातला वाफेचा पाइप फुटला, त्या वेळी हँडल ओढून धोक्याचा भोंगा बंद केल्याचे आपण स्वतःच्या जबानीत कबूल केले आहे. त्यामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. आपणास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा चौकशीत समक्ष हजर राहून करावा.

तो एक कामगार म्हणजे फिटरभाऊ. आमच्या समोरच्या दारातला. हे बॉयलर सांभाळायचे आणि भाऊ पाइप, अशी एकोणीस वर्षांची दोघांची जोडी. एक शिंकला तर दुसरा नाक पुसेल, असं मी चिडवायची.

"तुम्ही भोंगा बंद केलात?"

"वेड लागलंय का तुला? वाजवला! हँडल ओढलं की वाजतोच तो."

"मग हे कबूल कधी केलंत?"

"मॅनेजरसाहेबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी इंग्रजीत लिहून घेतलं. म्हणाले, तू बोललास तेच लिहिलंय, कर सही. मी केली."

त्या दिवशी कारखान्यात तीनच माणसं होती. हे, भाऊ आणि फाटकावरचा पहारेकरी. रंगखात्यातल्या पाइपाचा सांधा दोन महिने गळत होता. ह्यांनी तक्रारवहीत तीनदा लिहिलं होतं. पाइप बदलायचा तर काम बंद ठेवावं लागलं असतं, म्हणून मॅनेजरसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी, बॉयलर चालूच ठेवून, नुसतं ठिगळ लावायला सांगितलं. भाऊ शिडीवर चढले. बॉयलरचा काटा एकदम उसळला, ह्यांनी हँडल ओढलं, भोंगा वाजला, ह्यांनी धावत जाऊन वाफेचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. तेवढ्यात सांधा उडाला. भाऊंना शिडीवरून उतरायलाही वेळ मिळाला नाही. दवाखान्यात तीन दिवस काढले आणि गेले. ते तिन्ही दिवस हे त्यांच्या उशाशी बसून होते.

कागदाची एक प्रत समोरच्या दारीही गेली होती. संध्याकाळी मी जिन्यात पाण्याची बादली घेऊन चढत होते, तर फिटरवहिनी वर उभी. मी तोंड उघडायच्या आत तिनं तो कागद माझ्या अंगावर भिरकावला.

"माझ्या माणसाला जिवंत उकडलंत, आणि वर तीन दिवस उशाशी बसून रडायचं नाटक केलंत! थू तुमच्या जिनगानीवर!"

खरंच थुंकली. माझ्या बादलीत. मला राग आला म्हणू की काय म्हणू? तिच्यावर यायला पाहिजे होता, पण तिचं कपाळ मी रोज बघत होते. मी ते पाणी ओतलं आणि पुन्हा खाली गेले भरायला. दात मात्र असे आवळले होते की रात्रभर जबडा दुखला.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, ते त्या कागदाहून वाईट होतं. एक दिवस बघते तर हे भिंतीसमोर उभे राहून हातानं हवेतच काहीतरी ओढतायत. वर, खाली. वर, खाली.

"काय करताय?"

"आठवतोय," म्हणाले. "मी उलटं तर नाही ना ओढलं? इतक्या मोठ्या माणसांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असेलच ना गं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. नोकरी घ्या, अब्रू घ्या, पण माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंही त्याच्याकडून काढून घ्यायचं? मी शिलाई टाकली आणि तडक पहारेकऱ्याचं घर गाठलं.

त्यानं खिडकीचं एकच झडप उघडलं. "वहिनी, वाजला होता. माझ्या कानठळ्या बसल्या. पण मला कंत्राटावर ठेवलंय. तुम्ही आला होतात हेसुद्धा कुणाला सांगू नका."

"माणूस आहेस की फाटक?" मी ओरडले. झडप लागलं. रस्त्यातली माणसं बघत होती. बघू देत म्हटलं.

परतताना बाईंकडे शिवलेले दोन झगे द्यायचे होते. बाई म्हणजे निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका. ऐंशीच्या पुढचं वय, पण जीभ माझ्याहून धारदार. माझा चेहरा बघून त्यांनी झगे बाजूला ठेवले. "बस. कुणाला खाऊन आलीस?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती इंग्रजी जबानी कुठाय?"

ती पाकिटातच होती, मराठी कागदांच्या मागे टाचलेली. आम्हाला कुठलं इंग्रजी, आम्ही तिला हातही लावला नव्हता. मी घरी पळत जाऊन पाकीट आणलं. बाईंनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि वाचता वाचता एकदम मांडीवर थाप मारली.

"अगं, इथे तर भोंगा वाजला असंच लिहिलंय! अलार्म वेंट ऑफ."

"ऑफ म्हणजे बंद ना, बाई? दिव्याच्या बटणावर असतं तसं?"

"दिवा ऑफ म्हणजे बंद. पण दूध ऑफ म्हणजे नासलेलं. कामाला ऑफ म्हणजे सुट्टी. दुकानात पाटी लावतात तो ऑफ म्हणजे भावात सूट. लग्न ऑफ म्हणजे मोडलं. विमान टेक ऑफ करतं म्हणजे उडतं. बाँब ऑफ गेला म्हणजे फुटला. आणि भोंगा वेंट ऑफ म्हणजे वाजला, खणखणीत वाजला! या एका शब्दापायी मी चाळीस वर्षं पोरांचे कान पिळलेत. एक कान राहिलेला दिसतोय."

मी हसले नाही. मला हसूच येईना. एवढासा शब्द, चिमटीत मावेल एवढा, आणि त्याच्या खाली माझा नवरा दाबून टाकला होता.

"म्हणजे चूक झाली त्यांची," मी म्हटलं.

बाईंनी मराठी पानं उलटली. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "चूक भाषांतर करणाऱ्याची. पण हे बघ. हे कुणी लिहिलंय?"

टाइप केलेली ओळ होती, 'सकाळी दहा वाजता'. त्यातलं 'दहा' निळ्या शाईनं खोडून वर 'साडेदहा' केलं होतं आणि बाजूला छोटी सही होती. नोटिशीखाली होती तीच, मॅनेजरसाहेबांची. बरोबर त्याच्या खालची ओळ होती, 'भोंगा बंद केला'.

मी त्या शाईकडे बघत राहिले. इंग्रजी मॅनेजरसाहेबांनीच लिहिलं होतं. अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. मराठी कागद त्यांनी ओळ न् ओळ वाचला, वेळ चुकली म्हणून दुरुस्तही केली. आणि खालच्या ओळीपाशी पेन थांबवलं. चूक दुसऱ्यानं केली होती, साहेबांनी ती फक्त पोसली.

चौकशी कारखान्यातच होती, मोठ्या टेबलाच्या खोलीत. अधिकारी बाहेरून आलेले, कामगार खात्याचे. कामगाराला सोबत एक माणूस आणायची मुभा होती. माझ्याकडे बघून मॅनेजर म्हणाले, "युनियनचा कुणी नाही मिळाला का? बायकोला कशाला आणलंस?"

"तुम्हाला कळेल," मी म्हटलं.

हे खाली मान घालून बसले होते. टेबलाच्या टोकाला भाषांतर करणारा कारकून होता, काडीसारखा, सारखा कपाळ पुसत. दाराशी पहारेकरी. अधिकाऱ्यांनी नोटीस वाचून दाखवली आणि विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

"साहेब, आधी ह्याच पाकिटातली पहारेकऱ्याची जबानी वाचा. मराठीतली. पान चार."

त्यांनी पान काढलं. "'भोंगा बंद झाल्यामुळे मी धावत जाऊन फाटक उघडले व अग्निशमन दलाला फोन केला.'" ते थांबले. पुन्हा मनात वाचलं.

"भोंगा बंद झाला म्हणून कुणी आगीचा बंब बोलावतं का?" मी म्हटलं. "माझ्या घरचं घड्याळ रोज बंद पडतं. आम्ही कधी बंब नाही बोलावला."

अधिकाऱ्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी त्या जबानीचं मूळ इंग्रजी पान काढलं, मग ह्यांचं काढलं, दोन्ही शेजारी ठेवली. कारकुनाकडे बघितलं. "वेंट ऑफ. याचं तुम्ही काय केलंत?"

"बंद, साहेब. ऑफ म्हणजे बंद. सगळीकडे तसंच..." त्याला कळलं होतं.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. "भाषेची गडबड आहे ही. वाईट वाटतं. मराठी प्रत काही माझ्या वाचण्यात आली नव्हती."

आता मी तो कागद त्यांच्यासमोर असा आपटला की पेल्यातलं पाणी सांडलं. "मग ही शाई कुणाची? दहाचे साडेदहा कुणी केले? अर्ध्या तासाची चूक दिसली, आणि खाली एका माणसाच्या गळ्याला फास लागलाय तो दिसला नाही? तुम्हाला तो हवाच होता! भोंगा बंद होता म्हटलं की पाइपाचं कुणी विचारत नाही!"

"बाई, आवाज खाली."

"नाही करत खाली! एक महिना माझा नवरा भिंतीपुढे उभा राहून हात हलवतोय. एकोणीस वर्षांत एक दिवस उशिरा न गेलेला माणूस स्वतःवरच संशय घेतोय. आणि तुम्ही म्हणताय गडबड?"

मग दारातून पहारेकऱ्याचा आवाज आला, घोगरा. "वाजला होता, साहेब. मी ऐकला. पाइपाचंही ह्यांनी तीनदा लिहिलंय, वही फाटकावरूनच साहेबांकडे जाते, मी बघितलीय." खिडकीवरचं माझं बोलणं मी तिथल्या तिथे मनातून परत घेतलं.

अधिकाऱ्यांनी तक्रारवही मागितली. मॅनेजर म्हणाले, शोधावी लागेल.

तीन आठवड्यांनी निकाल आला. 'भाषांतरातील शाब्दिक त्रुटीमुळे' ह्यांच्यावरचा आरोप मागे घेतला होता. कामावर परत घेतलं होतं. कारकुनाला काढून टाकलं होतं. मॅनेजरांना समज देण्यात आली, म्हणजे काय दिलं ते देव जाणे. वही सापडली नव्हती. पाइपाबद्दल एक अक्षर नव्हतं. शेजारपाजारचे पेढ्यासारखं तोंड करून म्हणाले, सुटलात. मला तर तो कागद फाडून कुणाच्या तरी तोंडात कोंबावासा वाटत होता.

पण तो घेऊन मी समोरचं दार वाजवलं. फिटरवहिनीनं उघडलं. मी कागद पुढे केला. तिनं उंबऱ्यातच उभं राहून वाचला, दोनदा. डोळे कोरडे ठणठणीत.

"मग माझा माणूस कशानं गेला?"

"पाइपानं. तीनदा लिहून दिलं होतं ह्यांनी."

"असं! म्हणजे इतके दिवस मी शिव्या भलत्याच माणसाला देत होते," ती म्हणाली. मग तिचा हात माझ्या मनगटावर आला, घट्ट, दुखेल इतका. माफी वगैरे तिनं मागितली नाही, मलाही नको होती. "वही सापडत नाही म्हणजे काय? चल, आपण सापडवू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कामगार खात्याच्या कचेरीत गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. तिथले शिपाई आता आम्हाला लांबून ओळखतात आणि खुर्च्या लपवतात. आम्ही जिन्यात बसतो.

हे सोमवारी कामावर हजर झाले. दुपारीच परत आले. मला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं. पाणी पिऊन म्हणाले, "मी बॉयलर पेटवला नाही."

"म्हणजे?"

"पाइपाला अजून ठिगळच आहे. साहेबांना सांगितलं, पाइप बदला, मग पेटवतो. ते म्हणाले, लेखी दे. मी म्हटलं, तीनदा दिलंय, चौथ्यांदा तोंडानं सांगतो, नीट ऐका." एवढं बोलून हे थांबले. कान लाल झाले होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ह्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. "काय समजतात गं हे लोक आपल्याला?"

"बसा," मी म्हटलं, "आणि सगळं पहिल्यापासून सांगा. काय काय बोललात, एकही शब्द गाळू नका."