दिवसा रात्र करणारी चादर

मित्रांनो, मी सोलापूरची एक जुनी चादर आहे. रंग विटलाय, कडा झिजल्यात, पण अंगानं अजून चांगली जाडजूड आहे. हसू नका! या जाडीनंच माझं नशीब काढलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कासीमभाईंनी मला यंत्रमागावर विणलं आणि हौसेनं स्वतःच विकत घेऊन घरी आणलं. ते रात्रपाळीचे कामगार. सकाळी घरी येऊन झोपायचे, तेव्हा माजिदाभाभी मला खिडकीवर टांगायच्या. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख! त्यांच्या लेकीला, शाइस्ताला, त्या काळोखाची कधी भीती वाटली नाही. उलट ती त्यात रमायची.

शाइस्ता शिकून शास्त्रज्ञ झाली. खोल समुद्रात जिथं ऊन पोचतच नाही, तिथले जीव स्वतःच्या अंगातून उजेड पाडतात. गोव्याहून जहाजावर जाऊन ती त्यांचा अभ्यास करते. मलाही तिनं सोबत नेलं. काय सांगू, समुद्र बघणारी आमच्या खानदानातली मी पहिलीच! जाळ्यातून वर आलेला जीव काचेच्या टाकीत सोडायचा, टाकीवर मला पांघरायचं आणि तिनं माझ्या आत डोकं घालायचं. एखादी निळी ठिणगी चमकली की ती आनंदानं किंचाळायची. तिचे सहकारी सोमशेखर बाहेरून चिडवायचे, "मॅडम, चहा गार होतोय!"

सोलापुरात मात्र तिचं कौतुक कुणाला? फोटो दाखवावेत तर सगळे काळेकुट्ट, मधे एक ठिपका. शेजारच्या कमलम्मा म्हणायच्या, "अगं, झाकण न काढताच फोटो काढला की काय?" आणि यंदा कासीमभाईंनी फोनवर सांगूनच टाकलं, "लई झाला समुद्र. माझ्या जिवाला घोर लागतो. हितंच कॉलेजात नोकरी धर." अब्बांचा शब्द मोडून जहाजावर पाय ठेवणं तिला जमणार नव्हतं, आणि समुद्र सोडणंही.

म्हणून अब्बांना आपलं काम दाखवायला ती एक बाटली घेऊन घरी आली. मला बाटलीभोवती गुंडाळलेलं. खोल पाण्यातले जीव वर आणले की फार जगत नाहीत. म्हणून तिनं वरच्या पाण्यातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पण तसेच चमकणारे जीव आणले होते. ते एरवी रात्री चमकतात. तिनं प्रयोगशाळेत त्यांना रात्री दिव्याखाली आणि दिवसा अंधारात ठेवून त्यांची पाळीच बदलली होती, म्हणजे ते दिवसा चमकतील.

ती तोंड धुवायला गेली आणि घोटाळा झाला. शेजारपाजार जमला. कमलम्मांनी मला सोडलं आणि भर उजेडात बाटली खळाखळा हलवली. मग दुसऱ्यांनी, मग तिसऱ्यांनी. "यात तर नुसतं पाणी की!"

शाइस्ता धावत आली. तिचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

"अब्बा, हे मूळचे रात्री चमकणारे जीव. हलवलं की ते चमकतात. पण सारखं हलवलं की दमतात. आता काय दाखवू तुम्हाला?"

"दमले?" कासीमभाई ताडकन उठले. "रात्रपाळीवाले हायेत ना? मग झोपू द्या की त्यांना! चला, बाहेर व्हा सगळे. आवाज करू नका!"

त्यांनी स्वतः मला बाटलीवर पांघरलं आणि दारात खुर्ची टाकून बसले. कुकरची शिट्टी झाली तर भाभींवर डोळे वटारले. बाटलीतल्यांना कुठले कान, पण हे कासीमभाईंना सांगणार कोण!

दुपार कलताना बाप-लेक माझ्या आत शिरले. शाइस्तानं बाटली अब्बांच्या हातात दिली. त्यांनी घाबरतच हलकी टिचकी मारली आणि मित्रांनो, निळाशार उजेड! त्यांची बोटं, मिशा, ओले डोळे, सगळं मला दिसलं.

"परत मारा, अब्बा."

"नको. दमतील." मग बाटली डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, "खाली असे किती हायेत?"

"अजून कुणी मोजलेच नाहीत."

"मग हितं काय करतीस? जा की!"

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी लांब जायला निघालं, तर अडवण्याआधी त्याचं काम एकदा जवळ बसून बघा. बरं, आता मला घाई आहे. भाभींनी मला धुऊन दोरीवर टाकलंय, परवा जहाज सुटतंय आणि मी अजून ओलीच आहे!