वळणावरचा दगड

गाड्या बंद पडल्या, रूळ भंगारात गेले, तेव्हा कुत्रंही भुंकलं नव्हतं. आता तिथे फिरायला आणि सायकलींना रस्ता करायचा ठरला, तर साऱ्या शहराला रेल्वेचा पुळका आला.

फाटकवालीला एवढंच हवं होतं, धाकट्याचा दगड हलू नये. पोरगा रुळांच्या वळणावर गाडीखाली गेला होता. तिच्या नवऱ्याने, गँगमनने, तिथेच दगड रोवला आणि रेल्वेच्या खुणांना लावतात तोच चुना फासला. नाव घातलं नाही. "नाव दिसलं तर साहेब उपटून फेकेल," म्हणाला. तोही गेला. चुना ती लावत राहिली.

रस्त्याच्या कामाचा मुकादम आला. वाटेतल्या खोल्या, थडगी, देव, सगळं हटणार होतं. तिची खोलीसुद्धा. दगडापाशी तो थांबला.

"मावशी, हा कसला?"

थोरली लेक शेजारीच होती. "सांग ना आई, आपल्या..."

आईने तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"रेल्वेचा दिसतोय," मुकादमच म्हणाला. "जुन्या खुणा ठेवायच्यात."

"रेल्वेचाच आहे, बाबा."

तो गेल्यावर लेक फणकारली, "भावाला सरकारजमा केलंस."

"केलं. जित्यांना हाकलतायत, मेलेल्याला तरी जागा मिळाली. तू रड आता, मला कामं आहेत."

रस्ता झाला. झाडं लावली, दिवे लागले, फीत कापणाऱ्यांनी एकमेकांना हार घातले. ज्यांची घरं त्या रस्त्याखाली गेली त्यांना कोणी बोलावलं नाही.

शहराबाहेरच्या नव्या खोलीतून ती चुन्याचा डबा घेऊन आली. दगड पिवळाधमक झाला होता. पोटावर काळा आकडा. कोणीतरी त्याच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होतं. तो गेल्यावर तिने कुंचला काढला.

"ओ आजी," पहारेकरी ओरडला, "सरकारी वस्तूला हात लावायचा नाही."

"अरे, हा माझा..." ती म्हणाली आणि कुंचला परत डब्यात घातला. खरं बोलली असती तर दगडच गेला असता.

डबा तिने परत नेला. चुना त्यात वाळून धोंडा झाला.

मग तीही चार लोकांसारखी फिरायला येऊ लागली. वळण आलं की दमल्याचं सोंग करायची आणि दगडाला पाठ लावून बसायची. टेकायला कोणालाच मनाई नव्हती.