साडेसातशे वॉटचा सप्लाय

मला काळजी करायला कारण लागत नाही, असं आमचे हे, शैलेश, सगळ्यांना सांगत फिरतात. या खेपेला मात्र कारण होतं. रियाची हळद परवावर आली होती आणि माझा कॉम्प्युटर चालू कामात मान टाकत होता.

रिया आमची एकुलती एक. तिची आजी, म्हणजे माझी सासू सखूबाई, सुकापूर भागातली नावाजलेली धवलारीण. आमच्या आगऱ्यांत भटजी नंतर, आधी धवलारीण. ती धवले गाऊन देवांना बोलावते, मग नवरीला हळद लागते. आईंनी किती पोरींना अशी हळद लावली, त्यांनाही ठाऊक नसेल. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. आता तोंडातून नुसतं "आ, आ" येतं. दुसरी धवलारीण सांगून ठेवू म्हटलं, तर रिया ऐकेना. तिला आजीचाच आवाज पाहिजे होता.

तो आवाज एकाच ठिकाणी उरला होता. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. जुन्या हार्डडिस्कवर एका हळदीत आईंचा पुरा धवला सापडला, पण मागे डीजे असा धडधडत होता की शब्द लागत नव्हता. गाणं वेगळं काढणारं सॉफ्टवेअर मिळालं, त्याला जोरकस ग्राफिक्स कार्ड लागतं म्हणून ते आणलं. कार्ड बसवलं, काम सुरू केलं आणि अर्ध्यावर पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा काळा. पुढे तर नुसता चालू केला तरी बंद पडायला लागला. डिस्कची कॉपी काढायलाही सवड देईना. त्यात डिस्कही खरखरायला लागली.

पनवेलच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला कल्पेश म्हणाला, "ताई, कार्ड मोठं घेतलं आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तोच जुना ठेवला. त्याला झेपत नाही."

शैलेशचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो आहे. त्यांना हे पटेना. "दहा टनाच्या गाडीत बारा टन भरतात. जाते का नाय गाडी?"

"आणि स्प्रिंगचे पाटे तुटतात तेव्हा बोंबलत कोण येतं?" मी म्हटलं.

कार्डाच्या खोक्यावर साडेसहाशे वॉट लिहिलं होतं. मी साडेसातशेचा घेतला. चढावर गाडीत दम शिल्लक पाहिजे, हे मी यांच्याकडूनच शिकले. निघताना कल्पेशने बजावलं, "याच्या वायरी सुट्या येतात. जुन्या सप्लायच्या वायरी याला चुकूनसुद्धा लावू नका. बसतात, पण आत करंटची जागा वेगळी असते. हार्डडिस्क जळून जाईल."

मी ते सगळ्या वाटेने घोकत आले.

घरी खोकं पाहताच आईंनी डावा हात पुढे केला. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिला हळदकुंकू, मग ती वापरायची. टेम्पो असो नाहीतर मिक्सर. मला घाई होती, पण त्यांच्या हाताला नको म्हणणं जमेना. खोकं त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि मी जुना सप्लाय काढायला बसले. त्याच्या वायरी जमिनीवर टाकल्या. तेवढ्यात पाहुणे आले, म्हणून मी चहाला आत गेले.

परत आले तर जमीन लख्ख. शैलेशनी सतरंजी अंथरायला जागा केली होती आणि दिसतील त्या सगळ्या वायरी, जुन्या, नव्या, आईंच्या पुढ्यातल्यासुद्धा, एका पिशवीत कोंबल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मी पिशवी पालथी केली. सगळ्या काळ्या, सगळ्यांची तोंडं सारखी. कुणावर नाव नाही. एक लावून पाहिली, बसली. दुसरी लावली, तीही बसली. मी दोन्ही परत उपसून काढल्या.

"बसतंय ना? मंग लाव आता," शैलेश म्हणाले.

"तुमी बोलू नका. एक वायर चुकली तर आईंचा आवाज गेला, कळतंय?"

कल्पेशचा फोन बंद होता आणि दुकानाला उद्या सुट्टी. दुसरा सप्लाय आणायचा म्हटलं तर खारघरपर्यंत दुकानं धुंडाळावी लागणार. मी वायरींच्या ढिगाकडे नुसती बघत बसले. रडू येत होतं.

आई "आ, आ" करत माझा पदर ओढायला लागल्या.

"आई, थांबा हो जरा. चहा देते मागून," मी खेकसले. त्यांनी हात सोडला नाही. वाकून ढिगातली एक वायर उचलली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. मग दुसरी.

रिया जवळ आली. "मम्मी, याला हळद हाय."

वायरीच्या टोकाला, प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला, पिवळं बोट उमटलं होतं. मांडवातल्या मुसळालासुद्धा हळद लावायला न विसरणारी बाई ती. नुसत्या खोक्याला हळद लावून तिचं भागलं नव्हतं. एकेका वायरीला तिने डाव्या हाताने बोट लावलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची पावलं धरली, तर त्यांनी वायर माझ्या हातात कोंबली. म्हणजे, आधी काम कर.

पिवळ्या, म्हणजे नव्या, वायरी एकीकडे काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या आणि लावल्या. बटण दाबताना मी डोळे मिटले. पंखा फिरला. आधी कॉपी काढली, मग काम सुरू केलं. पडदा जिथे काळा व्हायचा ती जागा जवळ आली तसा शैलेशनी माझा खांदा धरला. जागा मागे पडली. कॉम्प्युटर चालतच राहिला.

मग डीजे नाही, गलका नाही, नुसत्या आई. खणखणीत आवाजात देवांना हळदीचं आवतन देणाऱ्या.

आई स्वतःच्या आवाजाकडे तोंड करून बसल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, नेहमीचं "आ" येईल. पण ते "आ" नव्हतं. फाटका, घोगरा शब्द होता, सुरावर चढलेला, आणि त्याच्या मागून दुसरा.

"आजी म्हणतेय," रिया म्हणाली.

ज्या आवाजासाठी जीव टांगणीला लागला होता, तो मी हळूहळू बारीक करत गेले. म्हणजे हा ऐकू यावा.