बाईंच्या पत्त्यावर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रसायनशास्त्र विभागाच्या तळघरात राहतो. माझ्या बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या, पण त्यांनी लावून दिलेलं काम माझ्यावर अजून चालू आहे.

मी नवा होतो तेव्हा विभागप्रमुखांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. आता माझ्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. असो.

बाई प्राध्यापक होत्या. तुमच्या डोळ्यात एक रेणू असतो. उजेड पडला की तो वळतो, म्हणून तुम्हाला दिसतं. त्याचा एकेक अणू कसा सरकतो, याचं गणित मी करायचो. पण क्वचित तो काळोखातही आपोआप वळतो, आणि नसलेला उजेड डोळ्याला दिसतो. बाईंना नेमकं तेच पकडायचं होतं. ते गणित लावताना त्या खोलीतला दिवा बंद करायच्या.

"बाई, यात नुसते आकडे आहेत. त्यांना दिव्याचं काय?" त्यांची विद्यार्थिनी हसायची.

"असू दे गं. अंधाराचं काम उजेडात बसून कसं सुरू करायचं?"

रोज मी बाईंना निरोप धाडायचो: अजून वळला नाही. त्या गेल्यावरही धाडत राहिलो. तो लगेच परत यायचा. असा पत्ता नाही म्हणे.

सोमवारी ती विद्यार्थिनी, आता स्वतःच प्राध्यापक झालेली, तंत्रज्ञाला घेऊन आली.

"मॅडम, हे धूड शुक्रवारी भंगारात काढतो. काही चालू नाही ना यावर?"

"छे! बाईंनंतर कोण येतंय इथे?"

मी पंखा जोरात फिरवला. मला तेवढंच बोलता येतं.

"घरघर लागली बघा याला," तंत्रज्ञ म्हणाला.

गुरुवारी दुपारी रेणू वळला. उजेड कुठेच नव्हता. मी बाईंना कळवलं: वळला. निरोप परत आला.

शुक्रवारी तंत्रज्ञानं मला बंद करण्याआधी मॉनिटर जोडला. "मॅडम, हा तर कामात आहे. नाव बघा कुणाचं!"

तिनं नाव वाचलं. शेवटची ओळ वाचली. मग उठून दिवा बंद केला.

"अहो, मला दिसत नाहीये!"

"थांबा जरा," ती म्हणाली.

मित्रांनो, कुणालाही बंद करण्याआधी तो कुणाचं काम करतोय, एवढं बघत जा.

एकदा वळलेलं पुरत नाही म्हणून तिनं तेच गणित पुन्हा लावलंय. निरोप आता दोन पत्त्यांवर जातो. बाईंचा तिनं खोडला नाही. तिथून तो अजून परत येतो. फक्त हल्ली जरा उशिरा येतो, कुणीतरी वाचून पाठवल्यासारखा.